मळले की मोडले? : डोंगरी सायकलीच्या चिमट्याची घरगुती निगा

शाळेच्या आवारातील सायकलींची रांग पाहिली की गावाची हालहवाल कळते, असा आमचा अनुभव आहे. कर्नाटक शासनाने सन २००६-०७ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्यास आरंभ केला, तेव्हा त्या रांगेतील बहुतेक सायकली एकाच वळणाच्या दिसत. मागे कॅरिअर, पुढे घंटी, आणि पुढचे चाक धरून ठेवणारा अखंड पोलादी चिमटा. त्या चिमट्याला कोणी कधी तेल घातल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्यात हलणारे असे काही नव्हतेच. आज त्याच रांगेत रुंद, काटेरी टायरांच्या आणि भडक रंगांच्या डोंगरी सायकली मधून मधून दिसू लागल्या आहेत. त्यांच्या चिमट्याला दोन चकचकीत नळ्या असतात, आणि हँडलवर भार देऊन तो खालीवर करून दाखविणे हा मधल्या सुटीतील मुलांचा एक आवडता उद्योग होऊन बसला आहे. पुस्तकात त्यास काहीही नाव असो, आमच्या बेळगावकडे लहानथोर सारे त्याला ‘शॉकप’ म्हणतात.

दुरून डोंगर साजरे, तसाच हा डोंगरी चिमटाही दुकानात साजरा दिसतो. पण खानापूर-जांबोटीकडचा पाऊस आणि तिकडची तांबडी माती यांची एकदा गाठ पडली की त्याची चकाकी एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. दिवाळीच्या सुमारास नळ्यांवर तांबूस डाग उठतात, चिमटा कुरकुरू लागतो आणि हळूहळू हलेनासा होतो. मग मूल ती सायकल घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जाते आणि एक वाक्य ऐकून परत येते : “शॉकप गेलंय, नवीन टाका की!”

खरोखरच ते गेलेले असते काय? आमच्या अनुभवाने आम्ही असे सांगू की, पुष्कळदा ते मोडलेले नसून केवळ मळलेले असते. आणि क्वचित जे नुसते मळलेले वाटते ते खरोखर मोडलेले असते. पहिल्या चुकीने पैसा जातो, दुसरीने हातपाय. हा भेद कुटुंबातील कोणत्याही जाणत्या माणसास घरच्या घरी ओळखता यावा, एवढ्याच हेतूने हा लेखप्रपंच. आम्ही यंत्रशास्त्री नव्हे. आयुष्य भाषा शिकविण्यात गेले. परंतु या विषयातील एक चूक आमच्या हातून घडली, आणि ती सांगितल्यावाचून बाकीचे सांगण्याचा आम्हांस अधिकार पोहोचत नाही. ती यथाक्रम पुढे येईलच.

चिमट्याचे पोट

धक्के झेलणारा चिमटा सायकलीने मोटारसायकलीकडून उसना घेतला आहे. दुर्बिणीच्या नळीसारखा एकात एक सरकणारा आणि तेलाच्या योगाने आवरला जाणारा चिमटा जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आपल्या मोटारसायकलींना बसविला. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्यात काही हौशी तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून भरधाव उतरू लागले, आणि त्या वेडातून डोंगरी सायकल जन्मास आली. तथापि आरंभीची कित्येक वर्षे तिचा चिमटा अखंडच होता. धक्के झेलण्याचे काम टायर आणि स्वाराची मनगटे करीत. १९८९ साली पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांच्या रॉकशॉक्स या कंपनीने डोंगरी सायकलीसाठी तेल-हवेचा चिमटा बाजारात आणला. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या. त्यांतील उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्ड याने असाच चिमटा लावून जिंकली, आणि या नव्या वस्तूचे नाव झाले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलीच्या शर्यतीस स्थान मिळाले. तेथून उतरत उतरत ती वस्तू आज आमच्या गल्लीतील शाळकरी मुलाच्या सायकलीपर्यंत आली आहे. अर्थात स्वस्त आणि साध्या रूपात.

रूप साधे असले तरी तत्त्व तेच. खांद्यापासून खाली येणाऱ्या दोन चकचकीत नळ्या असतात. त्यांना आपण ‘वरच्या नळ्या’ म्हणू. चाकाकडून वर येणारे दोन जाड पाय असतात. वरच्या नळ्या त्यांत सदऱ्याच्या बाहीत हात जावा तशा शिरतात, म्हणून त्यांना ‘बाह्या’ म्हणू. बाहीच्या तोंडाशी रबरी ओठ असतो, तो ‘सील’. सीलचे काम धूळ व पाणी बाहेर ठेवणे. त्याच्या आत, नळीला सरळ सरकत ठेवणारी कडी असते, ती ‘बुश’. स्वस्त चिमट्यात ही कडी बहुधा प्लॅस्टिकची असते आणि ग्रीसच्या पातळ थरावर चालते. एका किंवा दोन्ही नळ्यांत स्प्रिंग असते. महाग चिमट्यात तिच्या जागी दाबलेली हवा असते.

परंतु नुसती स्प्रिंग पुरत नाही. पाळण्याला एकदा झोका दिला की तो कितीतरी वेळ हालत राहतो, तशी स्प्रिंगही दाबली की उसळत राहते. ते उसळणे आवरण्यासाठी बऱ्या चिमट्याच्या दुसऱ्या नळीत तेलाची योजना असते. रंगपंचमीची पिचकारी ज्याने हाताळली आहे त्याला ती समजावून सांगावयास नको : दट्ट्या सावकाश दाबला तर सहज जातो, जोराने दाबला तर बारीक भोकातून पाणी वाट देत नाही आणि दट्ट्या अडतो. चिमट्यातील तेलही असेच बारीक छिद्रांतून जाते आणि धक्क्याचा जोर उष्णतेच्या रूपाने जिरवून टाकते. अगदी स्वस्त चिमट्यात ही पिचकारी नसते. तेथे बुशांच्या घर्षणावरच भागवितात. म्हणून असा चिमटा थोडा उसळला तर तो बिघाड नव्हे, त्याची प्रकृतीच तशी.

आमचा पहिला उपचार

आमचा एक भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहतो. त्याच्यासाठी आम्ही एक वापरलेली डोंगरी सायकल घेतली. एका पावसाळ्यात तिचा चिमटा जाम झाला, दुरुस्तीवाल्याचे ते प्रसिद्ध वाक्य ऐकून भाचा खिन्न मुद्रेने घरी आला, आणि नव्या चिमट्याची किंमत ऐकून आम्हीही खिन्न झालो. सायकल वापरलेली घेतली होती; तिला जे दिले त्याच्या निम्म्याच्या घरात केवळ चिमट्याचा भाव होता.

मग आम्ही गृहस्थाचा नेहमीचा मार्ग धरला. “मामा, मी रॉकेल आणलो,” असे म्हणत भाच्याने अडगळीतील डबा पुढे केला. “आणलो नव्हे; मी रॉकेल आणले म्हणावे,” अशी त्याची भाषा आम्ही सुधारली, आणि सुधारलेल्या भाषेनिशी ते रॉकेल सीलवर ओतले. त्यावर शिवणयंत्राचे तेल सोडले. दोन दिवस चिमटा लोण्यासारखा चालला. तिसऱ्या दिवशी रस्त्यावरची सारी धूळ त्या तेलाला चिकटली, तिचा तांबडा चिखल सीलच्या ओठातून आत ओढला गेला, आणि चिमटा पूर्वीपेक्षा अधिक घट्ट बसला. रॉकेलाने आतले ग्रीस धुऊन नेले होते आणि सीलचे रबरही फुगविले होते. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हे.

आमच्या गल्लीत एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. उद्यमबागेतील कारखान्यात त्यांनी उभा जन्म लेथवर काढला. त्यांनी चिमटा हातांनी दाबून पाहिला, कान लावून ऐकला, आणि एवढेच म्हणाले, “गुरुजी, आधी खोला, मग बोला.” पुढे जे काही आम्ही लिहीत आहोत ते त्या चार शब्दांवरील भाष्य समजावे.

रोगाची जागा

खोलण्यापूर्वी मात्र रोग चिमट्यातच आहे याची खात्री केली पाहिजे. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार व्हावयाचा.

पुढून खडखड येते अशी तक्रार असल्यास पुढचा ब्रेक घट्ट दाबावा आणि सायकल पुढेमागे हलवावी. हलविताना दुसऱ्या हाताचे बोट प्रथम हँडलखाली, जेथे चिमट्याची मान सांगाड्यात शिरते त्या सांध्यावर ठेवावे. तेथे हालचाल जाणवली तर दोष हँडलच्या छर्ऱ्यांच्या कपात आहे. तो आवळला की खडखड थांबते, चिमट्याचा काही संबंध नाही. नंतर बोट वरची नळी आणि बाही यांच्या सांध्यावर, सीलपाशी, ठेवावे. नळी बाहीत डगडगत असेल तर बुश झिजले आहेत. शेवटी ब्रेक सोडून चाकाची रिम धरून ती डावीउजवीकडे हलवावी. खेळ तेथे असेल तर दोष चाकाच्या आसात. दोन मिनिटांच्या या परीक्षेने कितीतरी निरपराध चिमटे वाचतात.

चिमटा मुळीच हलत नसेल तर प्रथम त्याच्या माथ्यावरची कळ पाहावी. पुष्कळ चिमट्यांना ‘लॉकआउट’ म्हणजे कुलूप असते. सपाट रस्त्यावर चिमटा अडवून ठेवण्याची ती सोय. मुले ती कळ फिरवितात आणि विसरतात. कुलूप उघडे असूनही चिमटा हलत नसेल तर स्वाराचे वजन विचारात घ्यावे. स्प्रिंग मोठ्या माणसाच्या बेताने घातलेली असते; हडकुळ्या मुलाच्या भाराने ती दबत नाही, यात कोणाचाच दोष नसतो. ही दोन्ही कारणे नसतील तर मग मळ, गंज किंवा वाकलेली नळी.

उलट, चिमटा बसताच खाली जात असेल तर हवेच्या चिमट्यात हवा कमी झाली आहे, किंवा स्प्रिंगच्या चिमट्यात ती मऊ पडली आहे. पूर्वी न उसळणारा चिमटा आता उसळू लागला तर तेलाची योजना निकामी झाली असे समजावे. वरच्या नळीवर प्रत्येक फेरीनंतर तेलाचे ओले कडे दिसू लागले तर सील थकले आहे.

भार योग्य आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. वरच्या नळीभोवती, सीलला टेकून, एक दोरा किंवा रबर बांधावे. स्वाराने भिंतीचा आधार घेऊन, धक्का न देता, नेहमीच्या बैठकीत बसावे आणि तसेच हळू उतरावे. दोरा सीलपासून किती वर सरकला ते पट्टीने मोजावे. चिमट्याची पूर्ण चाल १०० मिलिमीटर असेल तर १५ ते २५ मिलिमीटर दबणे ठीक. कमीअधिक असल्यास माथ्यावरच्या बटणाने स्प्रिंगचा ताण थोडा बदलता येतो; हवेच्या चिमट्यात हवा कमी-जास्त करावी. ही हवा भरण्यास मात्र चिमट्याचा खास बारीक पंप लागतो. टायरचा पंप एका झटक्यात एवढी हवा सोडतो की त्या चिमुकल्या कप्प्याचा हिशेब चुकलाच म्हणून समजावे. दाबाची कमाल मर्यादा पुस्तिकेत, आणि पुष्कळदा बाहीवरच्या चिठ्ठीवरही, छापलेली असते; ती कधीही ओलांडू नये.

खोलावे कसे

आता साध्या, स्प्रिंगच्या आणि ग्रीसवर चालणाऱ्या चिमट्याची साफसफाई. साहित्य फारसे नाही : एल-आकाराच्या पान्यांचा जुडगा, नटाचा पाना, लाकडी किंवा रबरी हातोडी, जुन्या सुती धोतराचे स्वच्छ तुकडे, औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि चिमट्यासाठी म्हणून विकले जाणारे, रबर व प्लॅस्टिकला न खाणारे ग्रीस. मोटारीच्या बेअरिंगचे ग्रीस येथे वापरू नये. अल्कोहोल पेट घेते. काम उघड्या हवेत आणि चुलीपासून दूर करावे.

पुढचे चाक काढून दूर ठेवावे. डिस्क ब्रेक असेल तर ती पोलादी तबकडी ग्रीसच्या हाताने शिवूही नये. ग्रीसचे एक बोट तिला लागले तरी ब्रेक धरत नाही. चाक काढलेले असताना ब्रेकची मूठ दाबू नये. पॅडांच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवून ठेवावा. बाहीवर बसविलेला ब्रेक दोन बोल्ट सैल करून सोडवावा आणि दोऱ्याने हँडलला टांगावा, तारेवर लोंबकळत ठेवू नये.

माथ्यावरचे ताणाचे बटण पूर्ण सैल करावे. मग बाह्यांच्या तळाशी असलेले बोल्ट किंवा नट पाहावेत. ते बहुधा खोल खाचेत दडलेले असतात. प्रत्येक तीन-चार आटे सैल करावा आणि वर लाकडाचा तुकडा धरून हलकेच ठोकावा, म्हणजे आतला दांडा सुटतो. बोल्टाबरोबर आतला दांडाही फिरू लागला तर कोणाला तरी चिमटा दाबून धरावयास सांगावे; स्प्रिंगच्या दाबाने दांडा अडतो. मग बोल्ट पूर्ण काढून दोन्ही बाह्या एकदम, सरळ रेषेत खाली ओढाव्यात. सीलखाली पेचकस घालून उचकटण्याचा मोह आवरावा.

आमच्या भाच्याच्या चिमट्याच्या बाह्या उतरल्या तेव्हा आतून काय निघाले? एकही तुकडा मोडलेला नव्हता. तांबड्या मातीचा आणि जुन्या ग्रीसचा, गाभुळलेल्या चिंचेसारखा एक थर, आणि त्याखाली शाबूत बुश. एक सील तेवढे रॉकेलाने बिघडले होते. ते बदलावे लागले. ‘गेलेला’ चिमटा असा आमच्या अंगणात परत आला.

सर्व जुने ग्रीस कापडाने पुसून काढावे. बाहीच्या आत काठीला कापड गुंडाळून फिरवावे. शेवटचा हात अल्कोहोलचा. मग वरच्या नळीवरून नख फिरवावे. वरवरचा गंज तेलाच्या कापडाने घासून जातो. पण नख अडेल असा खड्डा पडला असेल तर तो खड्डा प्रत्येक वेळी सील कापीत राहणार, हे ओळखावे. पॉलिश-पेपर नळीला लावू नये. सीलच्या आतल्या ओठाला, बुशांना आणि स्प्रिंगला ग्रीसचा पातळ हात द्यावा. बाही ग्रीसने भरून टाकू नये. जास्त झालेले ग्रीस बाहेर येऊन धूळच गोळा करते. बाह्या चढविताना सीलचा ओठ दुमडत नाही ना हे डोळ्यांनी पाहावे. तळाचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावेत. बाह्या हलक्या धातूच्या असतात. अंगबळ दाखविले तर आटे कायमचे जातात.

हे काम किती दिवसांनी करावे? रॉकशॉक्ससारख्या कंपन्यांच्या पुस्तिकांत बाह्यांची साफसफाई दर ५० तासांच्या वापरानंतर सांगितलेली असते. रोज पाऊण तास सायकल चालविणाऱ्या मुलाचे ५० तास दोन-सव्वादोन महिन्यांत भरतात. शहरातल्या डांबरी रस्त्यावर एवढे काटेकोर राहिले नाही तरी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा हा नेम चुकवू नये. रोजचा नेम याहून सोपा : घरी आल्यावर कोरड्या फडक्याने नळ्या पुसाव्यात. धुताना पाण्याचा जोरकस फवारा सीलवर मारू नये. या दोन सवयींनी चिमट्याचे अर्धे आजार होतच नाहीत.

आमची चूक

आता ती कबुली. चिमटा स्वच्छ झाला, लोण्यासारखा चालू लागला, आणि आम्ही यशाच्या आनंदात चाक परत बसविले. सायकल तेव्हा उलटी, हँडल आणि बैठकीवर उभी होती. या सायकलीचे चाक नटाने नव्हे, एका बाजूच्या खटक्याने आवळले जाते. तो खटका म्हणजे पाकळीचा नट आहे अशा समजुतीने आम्ही तो गोल गोल फिरवून घट्ट केला. वस्तुतः तो फिरवून आवळण्याचा नाही. मिटवून आवळण्याचा आहे. मिटविल्यावाचून त्याची पकड बसतच नाही. आसही खाचेत एका बाजूने पुरता टेकला नव्हता.

दोन दिवस सपाट रस्त्यावर काही घडले नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, भाचा मित्रांबरोबर येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेला. उतरताना वळणावर त्याने पुढचा ब्रेक दाबला. डिस्क ब्रेक डाव्या बाहीच्या मागच्या अंगाला असतो. तो दाबला की आसावर खाचेतून खाली ओढणारा जोर येतो. आस एका बाजूने सरकला, चाक तिरके होऊन अडकले, आणि पोर हँडलवरून पुढे फेकले गेले. खाचेच्या टोकाशी असलेल्या उंचवट्यामुळे चाक पूर्ण निखळले नाही, म्हणून मनगटावर निभावले. सहा आठवडे प्लॅस्टर.

बहीण खानापूरहून धावत आली. ती रागावली नाही. रात्री मुलाच्या उशाशी बसून हलक्या आवाजात म्हणाली, “दादा, शाळेतले पेपर तू दोनदा तपासतोस. चाक एकदा तरी तपासायचं होतंस.” चिमटा आम्ही नीट दुरुस्त केला होता, दोष खटक्याचा होता, हे सर्व खरे. पण ते बोलण्याचे धाडस आम्हांस झाले नाही, कारण बहिणीचे वाक्यच अधिक खरे होते.

म्हणून सांगतो, दुरुस्ती संपल्यावर परीक्षा सुरू होते. सायकल जमिनीवर उभी करून, तिचा भार आसावर पडू देऊन, मगच चाक खाचेत बसवावे. खटका आसाच्या रेषेत सरळ बाहेर आला की प्रतिकार जाणवू लागला पाहिजे, आणि पूर्ण मिटविताना तळहातावर त्याचा वळ उठला पाहिजे. सहज मिटला तर पलीकडचा नट थोडा आवळून पुन्हा मिटवावा. मग पुढची बाजू वीतभर उचलून चाकावर वरून मुठीने दोन दणके द्यावेत. ते हलता कामा नये. चाक फिरवून ते दोन्ही बाह्यांच्या बरोबर मधोमध फिरते ना, ब्रेकला घासत नाही ना, हे पाहावे. ब्रेकचे बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत. ब्रेक दाबून चिमटा दहा वेळा खालीवर करावा. शेवटी मोठ्या माणसाने गल्लीत, सपाटीवर, सावकाश एक फेरी मारावी. एवढे झाल्यावाचून सायकल मुलाच्या हाती देऊ नये.

थांबावे कोठे

घरच्या दुरुस्तीचे शहाणपण आरंभ करण्याइतकेच थांबण्यातही आहे. चिमट्याच्या खांद्यावर, मानेच्या मुळाशी किंवा आस बसतो त्या खाचेपाशी केसाएवढी जरी भेग दिसली, तरी तो चिमटा त्याच क्षणी बाद. अशी भेग मळाखाली दडलेली असते. म्हणून पुसणे हे केवळ शोभेसाठी नसते. नळी वाकलेली असेल, तळाचे आटे गेले असतील, बुश इतके झिजले असतील की बाही डगडगते आणि नवे बुश मिळत नाहीत, तर तेथेही मोह सोडावा. वेल्डिंग करून घेण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये.

तेलाची बंद कुपी घरी उघडू नये. ती सबंध बदलावी किंवा जाणकाराकडे द्यावी. हवेच्या चिमट्यात तर हवा पूर्ण सोडल्याशिवाय कोणताही बोल्ट सैल करू नये; आतील दाब भाग उडवून इजा करू शकतो. नवा चिमटा घेण्याची वेळ आलीच, तर मानेच्या नळीची जाडी (ती सरसकट १⅛ इंच असते असे नाही, काही माना खाली रुंद होत जातात), चाकाचे माप, चालीची लांबी, ब्रेकचा प्रकार आणि आसाचा प्रकार या पाच गोष्टी जुन्याशी जुळवून घ्याव्यात. जास्त चालीचा चिमटा म्हणजे जास्त चांगला, ही समजूत खोटी. सायकलीचे नाक वर जाते आणि तिचे वळणे बदलते.

आम्ही वर्गात मुलांना वाक्याचे पृथक्करण शिकवितो : कर्ता कोणता, कर्म कोणते, दोष कोठे. परंतु हातातल्या वस्तूचे पृथक्करण करावे, ती उघडून पाहावी आणि उघडल्यावर जपून मिटवावी, हे आम्ही फारसे शिकवीत नाही. वस्तू हलेनाशी झाली की ती गेली असे म्हणून मोकळे होतो, किंवा न पाहताच तीवर तेल ओततो. दोन्हीही आळसच.

असो. भाच्याचे मनगट बरे झाले. बहिणीनेच एके दिवशी त्याला सायकल काढावयास सांगितले. आता तो रोज सकाळी निघण्यापूर्वी पुढची बाजू उचलतो, चाकावर दोन दणके देतो, खटका दाबून पाहतो, नळ्यांवरून फडके फिरवितो आणि दारातून आम्हांस ओरडून सांगतो, “मामा, मी चाक बघितलो!”

त्याचे ते वाक्य आम्ही दुरुस्त करीत नाही.